जुना प्रिंटर, जुना स्कॅनर आणि नवा संगणक : हब कोणता घ्यावा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंदुरातल्या आमच्यासारख्या छोट्या हिशेबाच्या ऑफिसांमधून जुने संगणक भराभर निघाले. नवे आले ते देखणे, चपळ, पण पोर्टांच्या बाबतीत फार कंजूस. माझ्या टेबलावरच्या नव्या यंत्राला दोन टाइप-सी आणि दोन नेहमीची चपटी टाइप-ए पोर्ट आहेत. चपट्यातलं एक कीबोर्डनं घेतलं, दुसरं माउसनं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, लेझर प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्हसारखं डिजिटल सहीचं टोकन, बॅकअपची हार्ड डिस्क हे सगळं बाहेरच राहिलं.

मी रामबागेत जीएसटी आणि आयकराची कामं करते. आमच्याकडे येणारी मंडळी म्हणजे सियागंजातले किराण्याचे घाऊक व्यापारी आणि देवास नाक्याकडचे काही ट्रान्सपोर्टवाले. गेल्या काही महिन्यांत रिटर्नइतकेच फोन मला हबसाठी, म्हणजे एका पोर्टातून अनेक पोर्ट काढणाऱ्या डबीसाठी, आले आहेत. ‘ताई, नवा कम्प्यूटर घेतला, जुना प्रिंटर लागतच नाही, कोणता हब घेऊ?’ प्रत्येकाला फोनवर अर्धं-अर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

जुन्या वस्तू टाकून नव्या घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, दाखवते. माल पाठवणाऱ्याची एक प्रत, घेणाऱ्याची एक, ड्रायव्हरची एक, ऑफिसची एक, आणि सगळ्या एकाच ठोक्यात कार्बनमधून उमटलेल्या. लेझर किंवा इंकजेटचा कागदावर दाब पडत नाही, त्यामुळे हे काम त्यांच्याकडून होत नाही. ते रिबनवर सुया ठोकणारा डॉट मॅट्रिक्सच करतो. शिवाय जे यंत्र रिबन बदलली की पुन्हा वर्षभर मुकाट्यानं चालतं, ते केवळ त्याच्या केबलचं टोक जुनं झालं म्हणून भंगारात देणं मला पटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जुन्या उपकरणांसाठी हब घेताना वेगाचे आकडे वाचू नका, विजेचे वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१० जीबीपीएस’, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट, छापलेलं असतं आणि अडॅप्टर किती अँपिअरचा आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात. तुमच्या कामाचं ते बारीक अक्षरातलं.

दुकानात जाण्याआधी टेबल बघा

प्रत्येक उपकरण उलटं करा आणि स्टिकर वाचा. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: त्याला स्वतःची वीज आहे का, नसेल तर ५ व्होल्टवर किती मिलिअँपिअर लागते, आणि त्याच्या केबलचं टोक कसं आहे.

ज्यांना भिंतीतून स्वतःची वीज मिळते त्यांची काळजी नको. लेझर प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स, अडॅप्टरवाला मोठा स्कॅनर हे हबकडून नावापुरतीच वीज घेतात. त्यांच्यासाठी साधा हबही चालतो.

अडचण असते ती एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही घेणाऱ्यांची. कॅननच्या लाइड मालिकेतले सपाट स्कॅनर घराघरांत आणि ऑफिसांत आहेत. त्यांना वेगळा अडॅप्टर नसतो, दिवा आणि मोटर दोन्ही यूएसबीवरच चालतात. खिशात मावणारी हार्ड डिस्क तशीच, आणि ती जास्त खादाड, कारण तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी तिला नंतरपेक्षा बरीच जास्त वीज लागते. जुन्या डिस्कबरोबर दोन तोंडांची केबल येत असे ती याचसाठी: एका पोर्टची वीज पुरली नाही तर दुसऱ्या पोर्टमधून घ्यायची. अशी केबल घरात असेल तर तुमची डिस्क कोणत्या जातीची आहे ते कळलंच.

डिजिटल सहीचं टोकन, बारकोड स्कॅनर, कीबोर्ड, माउस ही तिसरी मंडळी. वीज यूएसबीवरूनच घेतात, पण थोडी. एकटी असताना कधी त्रास देत नाहीत. शेजारी मात्र त्यांना लागतो शांत.

स्टिकर पुसलेला असेल तर जुना संगणक देऊन टाकण्याआधी त्यालाच विचारा. मायक्रोसॉफ्टचा यूएसबीव्ह्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात प्रत्येक उपकरणासमोर ‘मॅक्स पॉवर’ अशी ओळ दिसते आणि ते कोणत्या वेगावर बोलतंय तेही दिसतं. मॅकवर हीच माहिती सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या सदरात मिळते. हार्ड डिस्कच्या बाबतीत या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. डिस्क कागदोपत्री ५०० सांगते आणि सुरू होताना जास्त ओढते.

वीज: सगळा प्रश्न इथेच आहे

यूएसबी २.० चं नेहमीचं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० चं पोर्ट ९०० देतं, साडेचार वॅट. टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॅटपर्यंत देऊ शकतं, पण प्रत्येक टाइप-सी पोर्ट तितकं देईलच असं नाही.

आता या पोर्टाला बिनअडॅप्टरचा चार तोंडांचा हब लावा. नर्मदेच्या नळाची एक जोडणी चार मजल्यांना वाटली तर जे होतं, तेच इथे होतं. वर आलेलं तेवढंच खाली वाटायचं, आणि खालच्यानं मोटर लावली की वरचा कोरडा. यूएसबी २.० च्या नियमात हे आकड्यांत लिहिलेलं आहे: ५०० पैकी १०० हबनं स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेल्या चारशेतून प्रत्येक तोंडाला १०० द्यायचे. म्हणून नियमाप्रमाणे बनवलेल्या बिनअडॅप्टरच्या हबला चारच तोंडं असतात. शंभरात माउस चालतो, कीबोर्ड चालतो, बहुतेक टोकनं चालतात. पाचशे मागणारा स्कॅनर चालत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे, अधूनमधून चालतो.

या ‘अधूनमधून’नं लोकांना फार छळलं आहे. स्कॅनर सुरू होतो, दिवा अर्ध्या पानापर्यंत जातो आणि थांबतो. डिस्क टिक टिक करते आणि माय कम्प्यूटरमधून नाहीशी होते. सियागंजातल्या एका दुकानात कंपनीचं रिटर्न भरायचं होतं. ते डिजिटल सहीनं भरत. बरोबर सही करताना टोकन दिसेनासं व्हायचं. त्यांनी टोकन देणाऱ्याला फोन केले, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, नवं टोकन मागवायची तयारी केली. मी जाऊन बघितलं तर टोकन, बारकोड स्कॅनर आणि कागदाचा स्कॅनर असे तिघेही एका बोटभर हबवर, आणि हबला अडॅप्टरच नाही. मुनीमजी पावत्या स्कॅन करायला घेत, स्कॅनरची मोटर वीज ओढी, आणि टोकनाचा दिवा विझे. स्कॅनर काढून थेट संगणकाला लावला, सही झाली. नंतर अडॅप्टरचा हब आणला, तेव्हापासून सगळं एकत्र चालतंय.

अशी लक्षणं दिसली की ड्रायव्हर, व्हायरस, विंडोज यांच्या मागे लागण्याआधी ते उपकरण हबमधून काढून थेट संगणकाला लावून बघा. थेट लावल्यावर नीट चालत असेल तर बहुतेक वेळा वीज कमी पडते आहे.

तेव्हा अडॅप्टरवालाच हब घ्यायचा. पण नुसता अडॅप्टर सोबत आहे एवढ्यावर भागत नाही, त्याच्यावरचा आकडा वाचायला हवा. हिशेब सोपा आहे. सात तोंडांच्या हबमध्ये प्रत्येक तोंडाला ५०० धरले तर साडेतीन अँपिअर झाले. म्हणजे ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा अडॅप्टर हवा. बाजारात सात तोंडांचा हब ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरसह सर्रास मिळतो. त्यात चार उपकरणांना पुरेल एवढीच वीज आहे, बाकीची तीन तोंडं शोभेची. १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर वॅटमध्ये बघा: १२ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे २४ वॅट, तो ५ व्होल्ट ४ अँपिअरच्या २० वॅटपेक्षा थोडा जास्तच. मात्र हा अडॅप्टर हबबरोबरच आलेला असावा. घरातला दुसऱ्या कशाचा तरी जोडू नये.

अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. मोबाइलवर बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का आणि कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभराचं काम आहे, आणि मी ते करतेच. वर्षभर दिवसरात्र प्लगमध्ये राहणारी ती वस्तू आहे.

२.० की ३.०?

इथे दुकानदार आणि मी नेहमी वेगळं बोलतो.

यूएसबी ३.० चा हब आतून एक हब नसतो. एकाच डबीत दोन हब शेजारी शेजारी बसवलेले असतात: एक यूएसबी २.० चा, दुसरा जलद वेगाचा. दोघांच्या तारा वेगळ्या. तुमचा जुना प्रिंटर, स्कॅनर, टोकन हे सगळे २.० च्याच तारांवरून जातात, कारण त्यांच्या प्लगमध्ये दुसऱ्या तारा मुळी नाहीतच. २००८ साली आलेल्या ३.० चा ५ गिगाबिटचा वेग किंवा त्यानंतरचे १० गिगाबिट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. डॉट मॅट्रिक्स, टोकन, बारकोड स्कॅनर ही उपकरणं तर बहुधा १२ मेगाबिट किंवा त्याहून कमी वेगावर बोलतात, म्हणजे यूएसबीच्या पहिल्या पिढीचा, १९९० च्या दशकातला वेग. त्यांच्यासाठी १० गिगाबिटचे पैसे मोजणं मला उधळपट्टी वाटते.

म्हणून फक्त जुनी उपकरणं लावायची असतील तर दमदार अडॅप्टरचा यूएसबी २.० हब पुरेसा आहे. मिळाला तर तोच घ्या. तसा मिळणं आता थोडं अवघड झालंय, तेव्हा अडॅप्टरचा साधा ५ गिगाबिटचा ३.० हब घेतला तरी काही बिघडत नाही. हार्ड डिस्क मात्र ३.० ची असेल तर ती हबवर टाकू नका. तिला संगणकावरचं एक पोर्ट थेट द्या. वीजही पुरेल, बॅकअपही लवकर होईल.

२.० च्या हबचा आणखी एक उपयोग अनुभवानं कळतो. काही जुनी उपकरणं नव्या संगणकाच्या ३.० पोर्टाला थेट लावली की ओळखलीच जात नाहीत, आणि मध्ये २.० चा हब घातला की ओळखली जातात. दर वेळी हे जमेलच असं नाही, पण कपाटात जुना हब पडला असेल तर नवी खरेदी करण्याआधी करून बघण्यासारखं आहे.

ज्यांच्याकडे जुना यूएसबी हेडसेट, साउंड कार्ड किंवा संगीताचा कीबोर्ड आहे त्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. १२ मेगाबिटवाल्या उपकरणांचं बोलणं ४८० मेगाबिटवाल्या वाटेवर चढवण्यासाठी हबमध्ये एक दुभाषा असतो, त्याला ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर म्हणतात. स्वस्त हबमध्ये सगळ्या तोंडांना मिळून एकच दुभाषा असतो, त्यामुळे सगळ्या जुन्या उपकरणांना ते १२ मेगाबिट वाटून घ्यावे लागतात. चांगल्या हबमध्ये प्रत्येक तोंडाला वेगळा असतो आणि माहितीपत्रकात ‘मल्टी टीटी’ असं लिहिलेलं असतं. प्रिंटर-टोकनवाल्यांना याचा फरक जाणवणार नाही. आवाज तुटकतुटक येणाऱ्यांना नक्की जाणवेल.

आणि वायरलेस माउस. ३.० ची उपकरणं चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. माउसची चिमुकली रिसिव्हर नेमकी त्याच पट्ट्यात काम करते. ३.० हबमध्ये डिस्कशेजारी ती खोचली की बाण अडखळत चालतो आणि लोक माउस बदलतात. रिसिव्हर तिथून काढून संगणकाच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावावी, किंवा हातभर एक्स्टेन्शन केबलनं दूर न्यावी.

टाइप-सीचं टोक

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. आत २.० असू शकतं, १० गिगाबिट असू शकतं, चित्र जाणारं असू शकतं, नसूही शकतं. पोर्टाशेजारची खूण आणि संगणकाचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

नव्या संगणकाला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर लोकांना वाटतं, हबही टाइप-सीच हवा. तसं काही नाही. टाइप-सीच्या पोर्टात बसून पुढे चपटं तोंड देणारा बोटाच्या पेराएवढा कन्व्हर्टर मिळतो. तो लावला की अडॅप्टरवाला जुन्या पद्धतीचा हब त्यावर उत्तम चालतो. आणि एकट्या प्रिंटरचाच प्रश्न असेल तर हब घेऊच नका. एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला प्रिंटरचा चौकोनी प्लग अशी केबल मिळते. ती लावायची, काम झालं.

लॅपटॉपसाठी पातळ, चकचकीत टाइप-सी हब मिळतात: एचडीएमआय, कार्ड रीडर, दोन-तीन चपटी पोर्ट, आणि चार्जर जोडायला एक तोंड. प्रवासाला छान आहेत. ऑफिसच्या जुन्या उपकरणांसाठी मी ते सुचवत नाही. चार्जर न जोडता वापरला तर सगळी वीज लॅपटॉपच्या बॅटरीतून जाते. चार्जर जोडला की त्यातला काही भाग हब स्वतःसाठी राखतो, त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पूर्ण ६५ मिळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, चार्जर लावताना किंवा काढताना लॅपटॉप, हब आणि चार्जर यांची विजेबद्दल नव्यानं बोलणी होतात. अनेक हबमध्ये तेवढ्यात सगळी उपकरणं क्षणभर तुटतात. डिस्कवर बॅकअप चालू असताना कोणी चार्जर उपटला तर फाइल खराब होऊ शकते.

हबच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी

हब तोंडं वाढवतो आणि वीज पुरवतो. जुनी भाषा नवी करणं त्याच्या हातात नाही, आणि हे न कळल्यामुळे पुष्कळ हब परत जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ बिटचे जुने ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. तेव्हा हब घेण्याआधी उपकरण एकदा थेट नव्या संगणकाला लावा. थेट लावूनही चालत नसेल तर कोणताच हब ते चालवणार नाही. स्कॅनर असेल तर व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्रॅम बघा, कंपन्यांनी सोडून दिलेले कित्येक स्कॅनर तो चालवतो. त्याच्या यादीत आपलं मॉडेल शोधा आणि चाचणीची आवृत्ती लावून बघूनच पैसे द्या.

डॉट मॅट्रिक्सबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ट्रान्सपोर्टवाल्यांचे सगळे फोन त्याचेच असतात. जुन्या प्रिंटरला रुंद पॅरलल पोर्ट असतं, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या असलेलं. त्यासाठी पॅरलल ते यूएसबी केबल मिळते आणि ती हबवरही चालते. अडचण पुढे येते. ही केबल लावल्यावर विंडोजला यूएसबीवरचा प्रिंटर दिसतो, एलपीटी १ नावाचं पोर्ट, म्हणजे पॅरलल पोर्टाचं विंडोजमधलं नाव, तयार होत नाही. बिल्टीचा जुना प्रोग्रॅम मात्र थेट एलपीटी १ वरच छापायला जातो आणि ‘प्रिंटर तयार नाही’ म्हणतो. यावर उपाय आहे. प्रिंटर विंडोजमध्ये बसवा, त्याला छोटं, मध्ये जागा नसलेलं नाव देऊन शेअर करा, आणि ‘नेट यूज’ या आज्ञेनं एलपीटी १ त्या शेअरला कायमचं जोडून द्या. मग प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच पोर्टावर छापतोय. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, अजून त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सोसायटीच्या पावत्या काढतात, त्या याच वाटेनं. अर्थात प्रोग्रॅम डॉसच्या काळातला १६ बिटचा असेल तर तो ६४ बिट विंडोजवर मुळात उघडणारच नाही. त्याला डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्ससारखा आधार लागतो, आणि तिथे माहितगाराला बोलवावं.

तोलकाट्याला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं. त्याला सिरियल ते यूएसबी कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टरमधली चिप महत्त्वाची: काही जुन्या चिपांना नव्या विंडोजचा ड्रायव्हरच मिळत नाही, काही नकली असतात आणि नवा ड्रायव्हर त्यांना नाकारतो. कपाटातला जुना कन्व्हर्टर हबवर चालला नाही तर हबला दोष देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यासमोर पिवळी खूण आहे का ते बघा.

जुन्या गोल प्लगच्या कीबोर्डचं थोडक्यात सांगते. साधा जांभळा-हिरवा प्लग बदलणारा तुकडा फक्त काही कीबोर्डांना चालतो. बाकीच्यांना आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.

सिल्व्हर मॉल किंवा जेल रोडवर

इंदुरात या वस्तूंसाठी दोन ठिकाणं: आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल आणि जेल रोड. जेल रोडवर मोबाइलचा बाजार मोठा, त्यामुळे हबही तसेच, छोटे आणि बिनअडॅप्टरचे जास्त. मी अडॅप्टरवाल्या हबसाठी सिल्व्हर मॉलमध्येच जाते. काउंटरवर सरळ म्हणायचं, ‘भैया, अडॅप्टर वाला हब दिखाओ, सात पोर्ट का।’ ते आधी बिनअडॅप्टरचा काढतील आणि म्हणतील, ‘इसमें सब चल जाएगा।’ तेव्हा पिशवीतून स्कॅनर काढायचा. खरंच. ज्या उपकरणाला सगळ्यात जास्त वीज लागते ते सोबत न्या आणि दुकानातल्या संगणकावर त्या हबमधून संगणक त्याला ओळखतो का ते बघा. ड्रायव्हर असेल तर एक पान स्कॅन करा. कोणी रागावत नाही, उलट दुकानदार मग खरं बोलतो.

हातात घेतल्यावर तोंडांमधलं अंतर बघा. टोकनं आणि जुने पेन ड्राइव्ह जाड असतात, चिकटून चिकटून तोंडं असतील तर सातपैकी चारच वापरता येतात. संगणकाकडे जाणारी केबल हबला कायमची जोडलेली नसावी, वेगळी निघणारी असावी. हबमध्ये आधी केबलच खराब होते, आणि वेगळी असली की थोड्या पैशांत बदलता येते. प्रत्येक तोंडाला बटण असलेला हब मिळाला तर घ्या. टोकन काम झाल्यावर बंद करता येतं आणि तोंड झिजत नाही. जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी मागायला तेच लागतं.

एक चाचणी घरी येऊन लगेच करा, परत करायची मुदत संपण्याआधी. संगणक बंद करा, हबचा अडॅप्टर चालू ठेवा. बंद संगणकाचा एखादा दिवा मिणमिणला, पंखा हलला, तर हब वीज उलट संगणकाकडे पाठवतोय. असा हब ठेवू नका, परत करा.

जोडताना

आधी अडॅप्टर लावा, मग हब संगणकाला जोडा, मग उपकरणं एकेक करून. प्रत्येकाला विंडोज ओळखेपर्यंत थांबा. हबला दुसरा हब लावायचा मोह टाळा. नियमाप्रमाणे पाच हबांची साखळी चालते, पण प्रत्येक जोडाबरोबर बिघाड शोधणं कठीण होत जातं.

मग तोंडांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा: ‘बिल्टी’, ‘स्कॅनर’, ‘काटा’. हे हौसेचं काम नाही. बरेच जुने प्रिंटर स्वतःचा अनुक्रमांक सांगत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या तोंडात लावले की विंडोज त्यांना नवा प्रिंटर समजतं आणि यादीत ‘कॉपी १’ उगवतो. प्रोग्रॅम जुन्याच नावावर छापत राहतो आणि कागद येत नाही. तोलकाट्याच्या कन्व्हर्टरचं तसंच: तोंड बदललं की विंडोजमधलं त्याच्या पोर्टाचं नाव कॉम ३ चं कॉम ५ होतं आणि बिलाच्या प्रोग्रॅमला वजन दिसत नाही. झाडलोट करणाऱ्या बाईंनी केबल काढून पुन्हा लावली तरी ती आपल्याच तोंडात जावी, म्हणून चिठ्ठी.

टोकन किंवा स्कॅनर थोडा वेळ न वापरल्यावर झोपी जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. लॅपटॉपवर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

संगणक यूपीएसवर असेल तर हबचा अडॅप्टरही यूपीएसच्या बॅटरीवाल्या तोंडात लावा. नाहीतर वीज गेली की संगणक चालू राहतो आणि हब पडतो. पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याबरोबर लाइट जाते, त्या दोन मिनिटांत नेमकी सही किंवा बॅकअप चालू असतो. डॉट मॅट्रिक्स आणि लेझर मात्र छोट्या यूपीएसवर घेऊ नका, ते भार वाढवतात.

आणि अडॅप्टरवर पांढऱ्या मार्करनं ‘हब’ असं लिहून ठेवा. राउटरचा १२ व्होल्टचा आणि हबचा ५ व्होल्टचा अडॅप्टर दिसायला सारखे असतात, पुष्कळदा पिनही एकाच मापाची. १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या हबमध्ये गेले तर हब जळू शकतो, आणि त्याला लावलेलं टोकन-स्कॅनरही जाऊ शकतं. दिवाळीच्या साफसफाईत सगळे अडॅप्टर एकाच डब्यात पडतात, त्याआधी हे लिहून झालेलं असावं.